आईच्या डोळ्याचे थेंब आणि आठवडाभराचा रेडिओ

ऑगस्टमधे आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी आठवडाभर तिच्याकडे पंचवटीत राहायला गेले. डॉक्टर म्हणाले होते की टीव्ही थोडा वेळ बघितला तरी चालेल, पण आईनंच ठरवून टाकलं की नाही, आठवडाभर टीव्ही नाही, मोबाईल नाही, पेपर नाही, डोळ्याला सुट्टी. मग उरला रेडिओ. तो तसाही तिच्याकडे रोज लागतोच, स्वयंपाकघरातल्या फडताळावर, क्रोशाचं कव्हर घातलेला, आणि त्याच्या काट्याच्या पट्टीवर १०१.४ च्या जागी तिनं लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय, म्हणजे कोणी बटण फिरवलं तरी नाशिक आकाशवाणी परत सापडते.

मी स्वतः राहते गंगापूर रोडला, आकाशवाणी टॉवरच्या जवळ. भाजी घ्यायला रोज त्याच टॉवरच्या बाजूला जाते आणि घरी रेडिओ लावून कित्येक वर्ष झाली होती. म्हणून या आठवड्याचं जे काय ऐकलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण मी बहुतेक लहानपणानंतर पहिल्यांदा सलग सात दिवस ऐकलं, आणि एकटीनं नाही, आईबरोबर.

डोळ्यात दोन औषधं घालायची होती, दोघांमधे पाच मिनिटांचं अंतर, दिवसातून सहा वेळा. मी मोबाईलवर अलार्म लावायला लागले तर आई म्हणाली, "अगं कशाला ती कटकट, सात-पाचच्या बातम्या संपल्या की पहिला थेंब, त्यानंतरचं एक गाणं झालं की दुसरा." आणि खरंच, आठवडाभर तसंच केलं. एक गाणं म्हणजे साधारण पाच मिनिटं, जुनं असेल तर साडेतीन, मग आई म्हणायची थांब, अजून निवेदन होऊ दे.

सोमवारी पहाटे रेडिओची सभा, म्हणजे प्रसारण, सुरू व्हायच्या आधीच आई उठून बसली होती. श्रावणातला शेवटचा सोमवार, एरवी ती रामकुंडावर जाऊन आली असती, पण डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि वाकायचं नाही म्हणून सक्त सांगितलेलं. अंधारात ती आकाशवाणीची धून सुरू झाली, तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन, आणि मला एकदम घशात काहीतरी झालं. ही धून आपण सगळ्यांनी जन्मापासून ऐकलीय, पण ती करणारा माणूस वॉल्टर कॉफमन नावाचा, मूळचा बोहेमियाकडचा, ज्यू, नाझींपासून जीव वाचवत १९३४ मधे मुंबईत आला आणि आकाशवाणीत नोकरीला लागला. शिवरंजनी रागावर बेतलीय म्हणतात. आपलं घरदार सुटलेल्या एका परक्या माणसानं इथे येऊन आपल्या सगळ्यांच्या सकाळीला सूर दिला, आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचं नावही माहीत नाही, हे मला फार लागतं. आईला सांगितलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पहाटेची आठवण येत असेल त्याला, घरची."

मग मंगलध्वनी, मग भक्तिगीतं, मग सात वाजायला पाच कमी असताना संस्कृत बातम्या. इयम् आकाशवाणी. आईला संस्कृत येत नाही, पण त्या पाच मिनिटांत ती कधी बोलत नाही. लहानपणी आम्हाला शाळेची तयारी त्यावरूनच कळायची, संस्कृत लागलं म्हणजे वेणी झालेली पाहिजे, आणि सात-पाचला पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहेत म्हटलं की डबा दप्तरात. त्या आवाजात कधी घाई नव्हती. आज टीव्हीवर बातमी सांगणारा माणूस इतका ओरडतो की बातमी कोणती आणि ओरडणं कोणतं हे वेगळं काढावं लागतं. हे मी जुनं ते सोनं म्हणून नाही लिहीत, मला मनापासून वाटतं की बातमी शांतपणे सांगणं हा ऐकणाऱ्याचा मान आहे.

मंगळवारी पाऊस लागला तो थांबेना. गंगेला पाणी आलं. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांना गोंधळायला होतं.) दिवसभर बातम्यांमधे गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, नदीकाठच्या लोकांनी काळजी घ्यावी, एवढंच. गल्लीतली मुलं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितीपर्यंत पाणी आलं ते बघून येऊन सांगत होती, कारण आकडा कितीही ऐकला तरी आमचं माप तेच, गुडघे, कंबर, छाती, गळा. आईनं मला विचारलं की हे क्युसेक क्युसेक म्हणतात ते म्हणजे नेमकं किती गं. मी सांगितलं, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, आपले दोन हंडे भरून. तिनं डोळे मिटलेलेच होते, ओठ हलत होते, हिशोब करत होती. मग पुढच्या वेळी आकडा आला तेव्हा ती म्हणाली, "बाप रे, दर सेकंदाला इतक्याच्या दुप्पट हंडे." आकडा तिला दिसला. मला इतकी वर्ष नुसता ऐकू येत होता.

त्याच संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम होता आणि त्यात श्रोत्यांचे फोन घेत होते. आठवड्यातलं सगळ्यात चांगलं काय ऐकलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, गाण्यांच्याही आधी. एका बाईंचा फोन लागला, आवाज थोडा दबलेला, मागे पावसाचा पत्र्यावर आवाज येतोय. कांदाचाळीतला उन्हाळ कांदा सडायला लागलाय, काजळी धरलीय, खालच्या थरातून पाणी सुटतंय, काय करू. बाजारभाव अजून वर जाईल म्हणून ठेवला होता. एवढं बोलून त्या थांबल्या आणि पुढे बोलल्याच नाहीत, नुसता पाऊस ऐकू आला. एक-दोन सेकंद असेल. स्टुडिओतल्या तज्ज्ञांनीही घाई केली नाही. मग त्यांनी सावकाश विचारलं की ढीग किती उंच आहे, चाळीखालून हवा खेळते का, काढणीच्या आधी पाणी किती दिवस तोडलं होतं. बाईंनी सांगितलं, ढीग सहा फुटांच्या वर गेलाय, जागाच नव्हती. मग ते म्हणाले, ताई, चार-पाच फुटांच्या वर गेला की खालच्या कांद्यावर दाब येतो आणि आतली वाफ बाहेर निघत नाही, आता पाऊस उघडला की निवडून घ्या, सडका बाजूला काढा, कोंब आलेला आधी विका, आणि पुढच्या वर्षी काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी बंद करा, पातीसकट शेतात सुकवा, मग सावलीत सुकवा, मगच चाळीत भरा.

आई चांदवडकडची, तिच्या माहेरी कांदाच. ती रेडिओकडे तोंड करून बोलत होती, "अगं खालून बांबू टाकायचा, जमिनीला टेकवायचाच नाही, सासऱ्यांना विचार तुझ्या." त्या बाईंना ऐकू जाणार नाही हे तिला काय कळत नाही? पण एखादं माणूस अडचण सांगतंय आणि आपण नुसतं बसायचं हे तिला जमत नाही. कार्यक्रम संपला तरी रात्री जेवताना ती मधेच म्हणाली, "पाऊस उघडायला पाहिजे बाई तिच्यासाठी."

बुधवारी दुपारी बायकांच्या कार्यक्रमात एका भजनी मंडळाचे अभंग लागले आणि मग आईची गोष्ट निघाली, जी मला अर्धीच माहीत होती. माझी दहावी चालू होती त्या वर्षी आईच्या मंडळाचं आकाशवाणीवर रेकॉर्डिंग झालं होतं, पंधरा मिनिटं, तीन अभंग, त्यातला एक निवृत्तिनाथांचा. सगळ्या नऊवारी नेसून गेल्या, रेडिओवर दिसणार नाही हे माहीत असूनही. स्टुडिओत गेल्यावर पहिल्यांदा पंखा बंद, एसी पण थोड्या वेळासाठी बंद, आणि ते रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले, बांगड्या काढून ठेवा, टाळ वाजवताना किणकिणतात, मीटरचा काटा उडतो. आता काचेच्या बांगड्या, भर श्रावणात भरलेल्या, कोण काढणार. सगळ्या गप्प. मग आईनं पदराला अडकवलेला रुमाल काढला आणि मनगटावर बांगड्यांभोवती घट्ट गुंडाळून गाठ मारली. मग सगळ्यांनी तेच केलं, ज्यांच्याकडे रुमाल नव्हता त्यांना त्या साहेबांनी टेप कापून दिली. ही गोष्ट सांगताना आईनं माझ्याच मनगटावर पदर गुंडाळून दाखवला, असा, आणि जोरात आवळला. तिची बोटं अजून तशीच ताकदीची आहेत.

मी तिला सांगितलं की आई, तुम्ही पेटी घेऊन गेलात ना, तीस वर्ष आधी गेला असतात तर पेटी दारातच ठेवावी लागली असती. कारण १९४० पासून जवळजवळ तीस वर्ष आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे सूर ठराविक जागी बांधलेले, दोन सुरांच्या मधली जागा तिला घेता येत नाही, मींड नाही, श्रुती नाही, म्हणून ती आपल्या संगीताला धरून नाही असं ठरवलं होतं. आईला हे पटेना. "पेटीशिवाय भजन म्हणजे? मग सूर कोण धरणार आमचा? आम्ही काय तंबोरे घेऊन बसतो का?" मला दोन्ही बाजू कळतात. गवयाच्या गळ्यामागे सारंगी जे करते ते पेटी नाही करू शकत हे खरंच आहे. पण दिवसभर काम करून संध्याकाळी देवळात जमणाऱ्या दहा बायकांना एका सुरात आणायचं काम पेटीनंच केलंय, आणि तो नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर या बायका नव्हत्या असं मला वाटतं.

तर कार्यक्रम लागायच्या दिवशी काय झालं, लाईट गेली. आमच्याकडे तेव्हा टू-इन-वन होता, विजेवर चालणारा, आणि त्यातले सेल पाणी सुटून खराब झालेले. आई तशीच पदर खोचलेली धावत निघाली, शेजारी कुलूप, पुढे गल्लीच्या तोंडाशी टेलरच्या दुकानात ट्रान्झिस्टर होता, तिथे पोचेस्तोवर निवेदिका म्हणत होती, आत्ता आपण ऐकत होतात. संपलं होतं.

एवढं मला माहीत होतं आणि मी इतकी वर्ष तिच्यासाठी हळहळत होते. पुढचं तिनं परवा पहिल्यांदा सांगितलं. टेलर मशीन थांबवून बसला होता. म्हणाला, "वहिनी, छान झालं, फक्त दुसऱ्या अभंगात कोणीतरी खोकलं." आई म्हणाली, ते मीच खोकले होते गं, टेपमधे राहून गेलं. आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं. म्हटलं तुला वाईट नाही वाटलं, स्वतःचा आवाज ऐकला नाहीस कधी रेडिओवर? तर म्हणे, "मी नाही ऐकला पण त्यानं ऐकला ना. मशीन बंद करून ऐकला. खोकला सुद्धा ऐकला." मानधनाच्या चेकमधून मंडळानं नवे टाळ घेतले, ते अजून आहेत.

त्याच रात्री आठला तिला आठवलं की आज बुधवार. तिच्या लहानपणी गावात दोनच रेडिओ, एक शाळेच्या गुरुजींकडे, आणि बुधवारी रात्री सगळी तरुण पोरं त्यांच्या ओट्यावर, रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला. त्याचं कारणही रेडिओच्याच इतिहासात आहे, १९५२ मधे बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार केली, लोकांनी काटा फिरवून सिलोन लावलं, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. गीतमालेचे निवेदक अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा आईनं दिवसभर रेडिओ बंद ठेवला होता, म्हणाली, आज त्याला विश्रांती.

गुरुवार २१ ऑगस्ट, विष्णु दिगंबर पलुस्करांची पुण्यतिथी. आईच्या घरापासून इंद्रकुंडाचं पलुस्कर सभागृह चालत जाण्यासारखं, तिथे आम्ही किती कार्यक्रम ऐकलेत, पण नावापलीकडे फार विचार केला नव्हता. सकाळच्या कार्यक्रमात त्यांच्याबद्दल बोलले. लहानपणी फटाका फुटून त्यांचे डोळे गेले, जवळजवळ काहीच दिसेना, शिकणं बंद, मग गाणं तरी शिकू दे म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवलं. त्या अर्धवट दिसणाऱ्या माणसानं १९०१ मधे लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, रघुपति राघव राजाराम ही धून घराघरात नेली आणि शेवटी सगळं सोडून आमच्या पंचवटीत आश्रम करून रामनाम घेत बसला. आईच्या डोळ्यात मी त्याच वेळी थेंब घालत होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली थांब, आधी ऐकू दे.

मग त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्करांचं गाणं लावलं, बापूराव, जन्म १९२१ चा इथलाच, नाशिकचा. जुनी तबकडी, मागे बारीक खरखर. तो आवाज किती स्वच्छ आहे, धुतलेल्या तांदळासारखा, एकेक दाणा वेगळा. कुठे आटापिटा नाही. दहा वर्षांचे असताना वडील गेले आणि १९५५ मधे हे स्वतः गेले, फक्त चौतिसाव्या वर्षी. तबकडी तीन मिनिटांत संपली. दुसरा थेंब राहिलाच.

शुक्रवारी पोळा, त्यामुळे दिवसभर बैलांची गाणी आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती, आईला माहेर आठवत राहिलं. थोडा वेळ ९०.८ वर रेडिओ विश्वास लावला, ते आपल्या नाशिकचंच कम्युनिटी रेडिओ केंद्र. साधी माणसं बोलत असतात तिथे, शब्द अडखळतात, परत सुरू होतात, मला आवडतं ते.

शनिवारी रात्री शास्त्रीय संगीत. पाऊस परत लागला होता. एक तरुण गायिका, नाव आधी ऐकलं नव्हतं, मियाँ मल्हार. रेडिओवर गाणाऱ्यांना ऑडिशन देऊन श्रेणी मिळते, बी, बी-हाय, ए आणि टॉप, आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्ष परत परत परीक्षा देतात, हे आमच्या ओळखीच्या एका तबलावाल्यांकडून ऐकलंय. त्या मुलीचा कोमल गंधार हलत होता, झोक्यावर बसल्यासारखा, आणि मग दोन्ही निषाद एकमेकांना खेटून लावून ती षड्जावर यायची तेव्हा बाहेरचा पाऊस आणि आतला पाऊस एकच. आम्ही दिवा लावला नव्हता. आई गाणं शिकलेली नाही, पण मधेच म्हणाली, "आता ती वर जाईल बघ," आणि खरंच गेली तार सप्तकात.

रविवारी सकाळी भाजीवाले मामा आले. त्यांच्या हातगाडीला वायरनं बांधलेला छोटा रेडिओ असतो. मेथी देता देता म्हणाले, "ताई, रात्री काय गायली ती पोरगी, ऐकली का?" मी पिशवी धरून उभीच राहिले. सात दिवस मला जे जाणवत होतं आणि नीट सांगता येत नव्हतं ते हे होतं. मोबाईलवर मियाँ मल्हार मला केव्हाही मिळतो, पाहिजे त्या गवयाचा, पण तो मी लावते आणि मीच ऐकते. शनिवारी रात्री आम्ही दोघी अंधारात ऐकत होतो तेव्हा हे मामा पण त्यांच्या खोलीत ऐकत होते, बहुतेक ती कांद्यावाली ताई पण, अजून कोण कोण, त्याच क्षणाला त्याच सुरावर थांबलेले. टेलरनं मशीन बंद करून आईला ऐकलं ते हेच. आईला मी म्हटलं तर तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. म्हणाली, मग, रेडिओ म्हणजे तसाच असतो ना.

सोमवारी तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले डोळा छान आहे, थेंब आता चार वेळा. आईनं विचारलं, म्हणजे कोणते दोन काढू, मग स्वतःच ठरवलं, सात-पाचच्या बातम्यांचा ठेवायचा, रात्रीच्या छायागीताचा ठेवायचा, मधले दोन कमी. येताना पंचवटी कारंज्याजवळ रिक्षा थांबवायला लावली. गॉगल लावलेला, एका हातानं माझा खांदा धरलेला, दुकानदाराला म्हणाली, सेल द्या.

"पेन्सिल सेल का आजी?"

"नाही, मोठे. रेडिओचे. सहा द्या, तीन घालायला, तीन घरात असू देत."